पिकअपचा आवाज वाढलाय? इंजिन उघडण्याआधी कान उघडा

या भागाच्या सुरुवातीला चाळीस सेकंद मी काहीच बोललो नाही, नुसता एका पिकअपच्या इंजिनाचा आवाज ऐकवला. काहींना वाटलं असेल, रेकॉर्डिंग बिघडलं. बिघडलं नव्हतं. तो आमच्या दादाच्या गाडीचा आवाज आहे, गेल्या वर्षीच्या एप्रिलमधला, पहाटे साडेपाचला आमच्याच अंगणात फोनवर घेतलेला. वाचणाऱ्यांसाठी शब्दांत सांगतो. डिझेल इंजिनाची नेहमीची घरघर, आणि तिच्यावर एक कोरडी, ठाम टक्-टक्-टक्-टक्. जणू कोणी बॉनेटच्या आत बसून खिळे ठोकतंय.

या टकटकीसाठी आम्हाला ५५ हजारांचा खर्च सांगितला होता. प्रत्यक्षात काम ३ हजारांच्या आत झालं. ते कसं झालं, आवाज कसा तपासला, आणि तुमच्या गाडीचा आवाज वाढला तर तुम्ही काय बघायचं, हे आजच्या भागात आहे. पण गोष्ट पैशांपुरतीच असती तर मी अख्खा भाग केला नसता. त्या आवाजाने दादाला आणखी एका बाजूने धरलं होतं, आणि ते घरात कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. ते पुढे येईल.

एप्रिलमध्ये गाडी उभी राहणं म्हणजे काय

रत्नागिरीत पिकअपवाल्याचं वर्ष दोन मालांवर चालतं. मार्चपासून मेअखेरपर्यंत आंबा, बाकीच्या दिवसांत मिरकरवाडा बंदरावरची मासळी. १ जूनला पावसाळी मासेमारी बंदी सुरू झाली की बंदरावरचं कामही बसतं. म्हणजे एप्रिल आणि मे हे दोन महिने जे मिळेल त्यावर पावसाळ्यातले हप्ते निघतात. दादा पावसच्या बाजूच्या बागांमधून पेट्या उचलतो आणि रात्री हातखंबा, पाली, साखरपा करत आंबा घाटातून कोल्हापूरला जातो. पहाटे माल उतरवायचा, दुपारपर्यंत परत.

आवाज पहिल्यांदा घाटातच आला. भरलेली गाडी चढाला लागली, ॲक्सिलरेटर दाबला, की टकटक सुरू. सपाटीवर कमी. दादाने चार दिवस रेडिओचा आवाज वाढवून काम भागवलं. हे आपण सगळेच करतो.

मग एका गॅरेजला दाखवली. तिथल्या माणसाने बॉनेट उघडलं, दोन वेळा रेस मारली आणि सांगितलं, "बेरिंग बोलतंय. इंजिन खाली घ्यावं लागेल. ५५ हजार धरून चाला, दहा-बारा दिवस लागतील." भर हंगामात दहा-बारा दिवस! दादा घरी आला तो जेवलाच नाही.

आता माझं सांगतो. मी कधीकाळी आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा कोर्स केलाय, म्हणून घरात मला मान आहे. मी ओसरीवर बसूनच निकाल दिला, "टॅपेट असतील रे. सेटिंग करून घे, हजार रुपयांत होईल." गंमत बघा, त्या गॅरेजवाल्याने बेरिंग म्हटलं, मी टॅपेट म्हटलं, आणि दोघांनीही आवाज नीट ऐकला नव्हता. दोघांनी फक्त त्याला नाव दिलं होतं.

शेवटी दादा एका जुन्या मिस्त्रींकडे गेला. एसटीच्या वर्कशॉपमध्ये हयात घालवलेली, आता निवृत्त. त्यांनी गाडीकडे बघितलंच नाही. म्हणाले, "इंजिन गेलं म्हणून कोणी सांगितलंन तुला? गाडी गरम आहे, आता मी काय ऐकू? उद्या पहाटे मीच येतो. मी येईपर्यंत चावी लावू नको."

म्हणून ते पहाटेचं रेकॉर्डिंग.

आधी हे समजून घ्या: डिझेल मुळातच बोलकं का

आवाज वाढलाय हे कळायला मुळात किती असतो ते माहीत पाहिजे. पेट्रोल इंजिनात ठिणगीने इंधन पेटवतात. रुडॉल्फ डिझेलने १८९० च्या दशकात जे इंजिन बनवलं त्यात ठिणगीच नाही. हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारायचं. ते आपोआप पेट घेतं. फवारा सुरू झाल्यापासून पेट घेईपर्यंत एक छोटासा क्षण जातो. तेवढ्यात थोडं डिझेल साठतं आणि मग ते सगळं एकदम पेटतं. तो जो दणका बसतो, तीच डिझेलची कटकट.

नवीन गाड्यांमध्ये कॉमन रेल पद्धत आली. तिच्यात मुख्य फवाऱ्याआधी अगदी थोडं डिझेल सोडतात. ते आधी पेटतं, मग मुख्य फवारा शांतपणे जळतो. म्हणून जुन्या जीपपेक्षा आजची पिकअप कमी ओरडते. इंजिन थंड असताना मात्र तो पेट घेण्याचा क्षण लांबतो, आणि सकाळी पहिली दोन-चार मिनिटं कुठलीही डिझेल गाडी जरा जास्त कटकट करते. ती तिची तब्येत आहे, आजार नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी मला स्वतःला उशिरा कळली. आवाज किती मोठा आहे यावरून बिघाड किती मोठा आहे हे ठरत नाही. फुटलेला सायलेन्सर अख्ख्या आळीला उठवतो, पण तो वेल्डिंगचं काम आहे. उलट क्रँकचं बेरिंग जायला लागतं तेव्हा सुरुवातीला आवाज खोल आणि दबका असतो, रेडिओखाली सहज झाकला जातो.

मिस्त्रींचे तीन प्रश्न

मिस्त्री आले, गाडीशेजारी उकिडवे बसले आणि तीनच गोष्टी बघायच्या म्हणाले. आवाज कधी येतो, कशाबरोबर बदलतो, आणि कुठून येतो. मी त्या माझ्या शब्दांत मांडतो.

पहिला: कधी? थंड इंजिनावर की गरम झाल्यावर? थंड असताना येऊन गरम झाल्यावर कमी होणारा आवाज बहुतेक वेळा धातूच्या फटीचा असतो. धातू तापला की प्रसरण पावतो, फट मिटते. यात एक्झॉस्टची गळती येते, झिजलेल्या पिस्टनचा थापटल्यासारखा आवाजही येतो. उलट, थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर वाढणारा आवाज जास्त काळजीचा. ऑइल तापून पातळ होतं, त्याचा दाब उतरतो, आणि झिजलेलं बेरिंग तेव्हा बोलायला लागतं.

दुसरा: कशाबरोबर बदलतो? गाडी जागेवर उभी करून रेस वाढवा. आवाज रेसबरोबर वाढला तर तो इंजिनाचा किंवा इंजिनाला जोडलेल्या भागाचा. उभ्या गाडीत आवाजच नाही आणि चालत्या गाडीत वेगाबरोबर वाढतो, तर इंजिन सोडा. चाकाचं बेरिंग बघा, टायर बघा, मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट आणि त्याचं मधलं बेरिंग बघा. मग क्लच दाबून बघा. उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये, क्लच दाबल्यावर आवाज थांबला तर गिअरबॉक्सच्या पुढच्या बेरिंगवर संशय. क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला तर क्लचच्या रिलीज बेरिंगवर.

एक विनंती. चालत्या गाडीत न्यूट्रल करून आवाज तपासायचा असेल तर सपाट, मोकळ्या रस्त्यावर, रिकाम्या गाडीने. आंबा घाटाच्या उतारावर नाही. उतारावर गाडी न्यूट्रल केली की इंजिनाची पकड जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

तिसरा: कुठून? त्यासाठी मिस्त्रींकडे दोन अवजारं होती. एक लांब स्क्रू-ड्रायव्हर आणि एक मीटरभर रबरी नळी. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या भागावर टेकवायचं, मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायची. आतली ठोक त्या लोखंडातून कानापर्यंत येते. एका जागी मंद, दुसऱ्या जागी स्पष्ट, असं करत जागा सापडते. नळी मात्र टेकवायची नाही. एक टोक कानाजवळ, दुसरं सांध्यांवरून फिरवायचं. हवा किंवा धूर निसटत असेल तर नळीत फुस्स ऐकू येतं. फिरता फॅन आणि पट्टा यांच्यापासून हात, बाही, गळ्यातला टॉवेल, सगळं लांब ठेवा. हे मी उगाच सांगत नाही.

टक-टक मोजायची कशी

आता माझ्या आयटीआयचा थोडा उपयोग. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोनदा फिरतो तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो. इंजिन ८०० फेऱ्यांवर निवांत चालू असेल तर क्रँकच्या फेऱ्या सेकंदाला तेरा-चौदा होतात, आणि एका टॅपेटची टकटक सेकंदाला सहा-सात. म्हणजे टॅपेटचा ताल संथ, निम्मा. क्रँकच्या बेरिंगची ठोक साधारणपणे फेरीगणिक येते, म्हणून जलद आणि जड.

कानाने सेकंदाला सात मोजणं अवघड आहे, पण फोनने सोपं. दहा सेकंद आवाज रेकॉर्ड करा आणि अर्ध्या वेगाने लावा. मी तेच केलं. काटा ८०० च्या जरा वर होता आणि दहा सेकंदांत साधारण सत्तर टकटकी आल्या. म्हणजे निम्मा ताल. बेरिंगवरचा संशय तिथेच पातळ झाला.

मी खूश. म्हटलं, बघा, टॅपेटच!

मिस्त्री हसले. म्हणाले, "आणि धूर किती वेळा सुटतो रे?"

हा प्रश्न मला पाठ असायला हवा होता. एका सिलेंडरमधून धूरही दोन फेऱ्यांत एकदाच बाहेर पडतो. म्हणजे इंजिनाला लागूनच धुराच्या वाटेत फट असेल तर तिथून निघणारी फट्-फट् अगदी टॅपेटच्याच तालात येते. नेमका ताल तोच, कानाला जवळजवळ तसाच आवाज. म्हणून या दोघांची गल्लत नेहमी होते.

फरक कसा ओळखायचा

मग त्यांनी जे केलं ते क्रमाने सांगतो.

आधी टॅपेटच्या झाकणावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवला. आतून नेहमीची टिकटिक, पण ती बाहेरच्या टकटकीएवढी नाही. मग नळी घेतली आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या सांध्यावरून फिरवली. मॅनिफोल्ड म्हणजे चारही सिलेंडरचा धूर एकत्र करून टर्बोकडे नेणारा बिडाचा भाग. तिसऱ्या सिलेंडरपाशी नळी नुसती फुसफुसत होती.

खात्री करायला त्यांनी ओल्या गोणपाटाची जाड घडी केली, हातात चामडी मोजे घातले, आणि मागे जाऊन सायलेन्सरचं तोंड दोन-तीन सेकंद झाकलं. मी पुढे कान लावून. मागची वाट अडली की धूर फटीतून जोरात निघतो. टकटक एकदम मोठी झाली आणि मॅनिफोल्डपाशी धुराची भपकी आली. ही तपासणी इंजिन नुकतंच चालू केलेलं असताना, उघड्यावर आणि क्षणभरच करायची. गरम सायलेन्सरला हात लावायला जाऊ नका, आणि बंद शेडमध्ये तर मुळीच नाही.

इंजिन बंद करून टॉर्च मारला. सांध्याभोवती काजळीचा काळा पंखा पसरलेला. एक नट गळून पडलेला, शेजारचा स्टड मुळात तुटलेला. दोघांच्या मधलं पॅकिंग जळून गेलेलं.

घाटात आवाज का वाढायचा तेही उलगडलं. भरलेली गाडी चढाला लागली की सिलेंडरमधला दाब वाढतो, धूर जास्त आणि जोरात येतो, फट जास्त बोलते. गॅरेजवाल्याने लोडवर वाढणारी ठोक ऐकली आणि तिला बेरिंग ठरवलं. ताल कोणी मोजला नाही, काजळी कोणी बघितली नाही. गाडी जरा कमी ओढते, असंही दादा म्हणत होता. टर्बोला फिरवायचा धूर टर्बोच्या आधीच निसटत होता, ताकद कुठून येणार?

आणि मग मिस्त्रींनी विचारलं

नळी गुंडाळता गुंडाळता ते दादाला म्हणाले, "रात्री काचा बंद करून ब्लोअर लावतोस काय?"

"लावतो. घाटात गार वारा लागतो."

"डोकं जड होतं?"

दादा काही बोलला नाही. वहिनी दारात उभी होती, तीच म्हणाली, "दोन आठवडे रोज दुखतंय. आल्याबरोबर गोळी घेऊन झोपतात. मला वाटलं जागरणाने."

आम्हा सगळ्यांनाच तसं वाटलं होतं. रात्रभर गाडी चालवणाऱ्या माणसाचं डोकं दुखलं तर कोण इंजिनाकडे बघतं? पण ब्लोअर हवा घेतो ती पुढच्या काचेच्या पायथ्याकडून, म्हणजे बॉनेटच्या मागच्या कडेजवळून. बॉनेटखाली धूर सुटत असेल तर त्यातला काही थेट केबिनमध्ये येतो. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड पेट्रोलच्या मानाने कमी असतो, पण असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो. डोकं दुखतं, चक्कर येते, झापड येते. सोबत काजळी आणि नायट्रोजनचे ऑक्साइड, डोळे चुरचुरवणारे. आणि हा माणूस रात्री दोन वाजता, मागे दीड टन आंबा घेऊन, आंबा घाटाची वळणं घेत होता.

म्हणून सांगतो, आवाज वाढलाय आणि केबिनमध्ये धुराचा वास येतोय किंवा डोकं दुखतंय, तर तो दुरुस्तीचा विषय राहत नाही. काचा उघडा, ब्लोअर बंद करा, गाडी दुरुस्त होईपर्यंत लांबची फेरी घेऊ नका.

काम काय झालं

गळलेला नट नवा घालून भागत नाही, पॅकिंग बदलावंच लागतं. आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. गंजलेला स्टड जबरदस्तीने फिरवला की तुटतो, आणि मग तीनशेचं काम तीन हजारांवर जातं. तुटलेल्या स्टडच्या बुंध्यावर एक नट वेल्डिंगने चिकटवला. वेल्डिंगच्या उष्णतेने आटे सैल झाले आणि बुंधा निघाला. मॅनिफोल्ड उतरवून त्याच्या तोंडावर सरळ पट्टी धरली आणि खाली फिलर गेज घालून बघितलं, वाकलाय का. थोडा वाकला होता. मिरजोळे एमआयडीसीत त्याचं तोंड मशीनवर सपाट करून आणलं. हे न करता नवं पॅकिंग घातलं असतं तर दोन महिन्यांत पुन्हा जळलं असतं.

मग नवं पॅकिंग, नवे स्टड, नवे नट. नट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने गाडीच्या पुस्तकातल्या मापाएवढे आवळले. एका फेरीनंतर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा तपासले. दीड दिवस गाडी उभी राहिली.

बाकीचे आवाज, थोडक्यात

तुमचा आवाज वेगळा असेल, म्हणून नेहमीचे काही सांगतो.

*चीं-चीं, चालू करताना किंवा एकदम रेस दिल्यावर.* पट्टा. चालू पट्ट्याच्या धारीच्या बाजूवर लांबून थोडं पाणी मारा. आवाज क्षणभर गेला तर पुली सरळ रेषेत नाही किंवा पट्टा झिजलाय. आवाज वाढला तर ताण कमी आहे.

*घर्रर्र, रेसबरोबर वाढणारी.* अल्टरनेटर, वॉटर पंप किंवा टेन्शनरच्या पुलीचं बेरिंग. मिस्त्री पट्टा काढून इंजिन दहा-पंधरा सेकंद चालवून बघतात. आवाज गेला तर तो पट्ट्यावरच्या भागांचा. त्याहून जास्त चालवायचं नाही, कारण पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर असू शकतो.

*वादळासारखा घोंगाट.* रेडिएटरचा फॅन. काही गाड्यांत तो विस्कस क्लचवर असतो, इंजिन तापलं की घट्ट धरतो, गार असलं की सैल सोडतो. तो कायम घट्ट राहिला तर गाडी विमानासारखी घोंगावते आणि ॲव्हरेज उतरतं.

*चढावर सूं… आणि काळा धूर.* टर्बोपासून इंजिनाकडे जाणाऱ्या हवेच्या पाईपला चीर किंवा क्लिप सैल. पाईपवर तेलकट डाग शोधा.

*पत्र्याची खडखड, ठरावीक रेसवरच.* सायलेन्सरवरचा उष्णता अडवणारा पत्रा सुटलाय. पन्नास रुपयांची क्लिप लावून थांबतो.

*चालू-बंद करताना धाड्, आणि उभ्या गाडीत स्टिअरिंग थरथरतं.* इंजिनाचं रबरी माउंटिंग बसलंय. इंजिन ठीक असतं, फक्त त्याचा हादरा चासीला जातो आणि केबिनमध्ये आवाज दुप्पट वाटतो.

*एकाच सिलेंडरची कडक ठोक आणि धूर.* इंजेक्टर. इथे एक जुनी सवय सोडा. पूर्वी मिस्त्री इंजेक्टरच्या पाईपचा नट सैल करून सिलेंडर तपासायचे. कॉमन रेलच्या गाडीत हे कधीही करू नका. त्या पाईपमध्ये हजार बारच्याही वर दाब असतो, डिझेलची धार कातडीतून आत घुसते. तपासणी स्कॅनरने करून घ्या.

कधी जागीच थांबायचं

खोल, जड ठोक, गरम झाल्यावर वाढणारी, आणि सोबत ऑइलचा लाल दिवा. ताबडतोब बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. "पुढच्या तिठ्यापर्यंत नेतो" असं म्हणू नका. पाच मिनिटं थांबून ऑइलची पट्टी बघा. ऑइल कमी असेल तर भरा, पण ठोक तशीच राहिली किंवा दिवा विझला नाही तर गाडी ओढून न्या. तेवढा खर्च इंजिनापेक्षा स्वस्तच पडतो. टर्बोमधून सायरनसारखा आवाज आणि निळा धूर, तेव्हाही हेच.

आपल्या किनाऱ्यावरच्या गाड्यांसाठी

सायलेन्सर आणि स्टड घाटावरच्या मानाने इथे लवकर का जातात? एक तर खारी हवा. दुसरं, मासळीच्या क्रेटमधून गळणारं बर्फाचं खारट पाणी. हौद्याच्या फटींतून ते खाली गरम पाईपवर पडतं, पाणी उडून जातं, मीठ राहतं. तिसरं कारण आतलं. डिझेल जळताना पाण्याची वाफ तयार होते. बंदर ते बाजार अशा छोट्या फेऱ्यांत सायलेन्सर पुरता तापतच नाही, ते पाणी आत साठतं आणि आतून गंज धरतो.

म्हणून मासळीची फेरी संपली की हौदा आणि चासी गोड्या पाण्याने धुवा, गरम पाईप गार झाल्यावर. हौद्याला गळती असेल तर पाणी मागच्या टोकाला एका नळीने बाहेर काढा. पावसाळ्याआधी मॅनिफोल्डच्या नटांवर एकदा टॉर्च मारा, काळं दिसलं तर तिथेच थांबा. जांभ्याच्या रस्त्यांवर फिरणाऱ्यांनी एअर फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्यापेक्षा लवकर बघावा. आणि फुटका सायलेन्सर चालवून घेऊ नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांत, १९८९ च्या, १२० व्या नियमात सायलेन्सर सक्तीचा आहे.

भागाच्या शेवटी वीस सेकंदांचं आणखी एक रेकॉर्डिंग आहे. तीच गाडी, तेच अंगण, दुरुस्तीनंतरची पहाट. नुसती घरघर, आणि मागे वहिनी दादाला डबा घेतलास का विचारतेय. दादाची डोकेदुखी चार दिवसांत गेली. मे महिन्याच्या सगळ्या फेऱ्या झाल्या. मिस्त्रींनी मजुरी घेतली आणि वर एक पेटी दादाने जबरदस्तीने दिली.

तुमच्या गाडीचा आवाज पाठवायचा असेल तर जरूर पाठवा. फक्त सोबत चार गोष्टी लिहा: इंजिन थंड होतं की गरम, गाडी उभी होती की चालती, क्लच दाबल्यावर फरक पडला का, आणि केबिनमध्ये वास येतो का. रेकॉर्डिंग पहाटेचं, चावी पहिल्यांदा लावतानाचं असेल तर उत्तम. पुढच्या भागात भेटू.